अटीकाकांची यादी

"काका, ती अट काढून टाका," टीमच्या लीड मॅडम त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या. "पाचला डिलिव्हरी आहे."

अटीकाका उठले, पाणी प्यायले, परत बसले. दुपारपासूनचा हा सातवा ग्लास. तहान एकदाही लागली नव्हती.

प्रोग्राममध्ये जागोजागी अटी घालतात, म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव दिलं होतं. हॉस्पिटलच्या मॉनिटरसाठी त्यांनी जेनेरिक यादी लिहिली होती. आत काहीही ठेवा, नाडी ठेवा, ताप ठेवा. अट एकच, कोणत्याही दोघांत वर कोण ते ठरलं पाहिजे. सर्वांत गंभीर पेशंट सर्वांत वर. आज मॅडमनी तिच्यात ऑक्सिजनचे दशांश आकडे घातले आणि प्रोग्राम तपासून घेणाऱ्या कंपायलरने साफ नकार दिला. पेशंटच्या बोटाची क्लिप निसटली की आकड्याच्या जागी ‘आकडा नाही’ असं येतं, आणि ते कुणाशीच तोलता येत नाही.

"तसं आलं तर समान धरा ना! एका ओळीचं काम."

"कुणाशी समान? शेजारी घोरत पडलाय त्याच्याशी?"

"काका, प्लीज. तुमचं कॉन्ट्रॅक्ट आज संपतंय. पुढच्यावर सही मलाच करायचीय."

तेवढ्यात बायकोचा फोन. "झाली का सही?"

"कंपाइल होतंय."

"तुमचं तेवीस वर्षं कंपाइलच होतंय!"

काकांनी ती एक ओळ लिहिली. कंपायलर लगेच गप्प झाला. काका उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि ओळ खोडली. मग ‘आकडा नाही’ला सगळ्यांच्या वर बसवणारा नवा प्रकार लिहायला घेतला. चाचण्या संपेपर्यंत साडेसहा झाले.

"वरच्यांना मी काय सांगू आता?" मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "सॉरी, काका. सही नाही जमणार."

कंपनीचीही एक यादी होती. तिच्यात माणसं कशावरून वर-खाली होतात, ती अट मात्र कुणी कुठे लिहून ठेवली नव्हती.

"बरं," काका म्हणाले. चाचणीसाठी सहा नंबरचा पेशंट म्हणून लावलेली क्लिप अजून त्यांच्याच बोटात होती. त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली.

स्क्रीनवरच्या यादीत तळाशी निवांत असलेला सहा नंबरचा बेड क्षणात वर चढला आणि मशीन ओरडू लागलं. मॅडमनी दचकून मान वळवली.

काका ड्रॉवर रिकामा करत होते.