अर्ध्या तासाचं दूध

मित्रांनो, हसू नका हं. नोएडातल्या या बाल्कनीत कोथिंबीर सांभाळणारा मी एक जुना, पत्र्याचा पिंजरा. पण माझं खरं आयुष्य दिल्लीच्या एका संशोधन संस्थेत, उंदरांच्या सहवासात गेलं.

माझ्यात तपकिरी उंदरांचं एक घराणं राहायचं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक मादीला वर्षाच्या आत स्तनाची गाठ यायची. ज्यांची बाळंतपणं जास्त, त्यांना लवकर; कारण अंगातली संप्रेरकं गाठीला बळ देतात. पण मूळ कशात? दुधातून एक विषाणू पिल्लांत जातो हे जगाला ठाऊक होतं. आमच्या तपकिऱ्यांत तोच आहे, की दोष रक्तातूनच, वंशातूनच येतो, हे डॉक्टर सुनीतीबाईंना शोधायचं होतं. त्यांची आई याच आजाराने गेली होती. कुणी घाबरून विचारलं, तर त्या म्हणायच्या, "हे उंदरांचं आहे. तुम्ही बाळाला खुशाल पाजा!"

युक्ती साधी होती. पिल्लं जन्मली की आईच्या दुधाचा थेंबही पोटात जाण्याआधी त्यांना नुकत्याच व्यालेल्या, निरोगी काळ्या उंदरीकडे द्यायचं. हे काम विठ्ठलकाकांचं. साताऱ्याहून आलेला हा माणूस वीस वर्षं उंदरांची उठबस करत होता. काळीला परका वास येऊ नये म्हणून ते पिल्लांना तिच्याच भुशात घोळवायचे.

त्र्याण्णव साली एकदा काळी पिल्लांना जवळच घेईना. काकांचा जीव कळवळला. त्यांनी पिल्लं अर्धा तास सख्ख्या आईला लावली आणि मग परत काळीकडे ठेवली. या वेळी तिने घेतली. माझ्यावर टांगलेल्या नोंदींच्या कार्डावर मात्र काकांनी काहीच लिहिलं नाही.

दहा महिन्यांनी त्यातल्या चारही माद्यांना गाठी आल्या. बाई म्हणाल्या, "म्हणजे दूध नाहीच, काका. सगळा रक्ताचाच दोष." सोमवारी तसा लेख छापायला जायचा होता. त्यावर त्यांची बढती ठरणार होती. मला तोंड असतं तर मी ओरडलोच असतो!

काकांच्या हातातला ब्रश थांबला. "मॅडम, त्या पिल्लांनी आईचं दूध प्यायलंय."

"काय?"

"अर्धाच तास. काळी घेत नव्हती हो. भुकेनं तडफडत होती लेकरं. वाटलं, एवढ्याशानं काय होतंय. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही. माझा रिपोर्ट करा, बिल्कुल करा. पण खोटं छापू नका."

"दहा महिने, काका! दहा महिने!" बाई ताडकन बाहेर गेल्या. परत आल्या त्या चहाचे दोन ग्लास घेऊन. डोळे लाल होते. "लेख थांबवलाय. चलो, पुन्हा करू." त्या वर्षी बढती दुसऱ्याला मिळाली.

पुन्हा पिल्लं झाली आणि पुन्हा काळी रुसली. या वेळी काकांनी चारही जीव तळहातांत धरून ऊब दिली. थोड्या थोड्या वेळाने ते पिल्लं तिच्याजवळ ठेवून बघत. दुपारी कुठे ती आडवी झाली आणि पिल्लं लुचू लागली. काकांनी डोळे पुसले, मी पाहिलं.

तेव्हा परदेशातून प्लास्टिकचे चकचकीत पिंजरे येऊ लागले होते. मला गंज चढलेला. भंगारात टाकायचं ठरलं. बाई म्हणाल्या, "हिचं आयुष्य सरेपर्यंत हा राहू दे." कारण या खेपेच्या चौघींपैकी तिघी नव्या पिंजऱ्यांत गेल्या, तरी एक अजून माझ्यात होती. पुढे बाईंनीच मला या बाल्कनीत आणलं.

मित्रांनो, एक विनवणी करतो. कुणी आपली चूक सांगायला आलं, तर आधी ऐकून घ्या, मग हवं तेवढं रागवा. ऐकणारं कुणी नसेल तर खरं सांगायला येईल कोण?

बाई रोज सकाळी माझ्यातल्या त्या उंदरीच्या पोटाखालून बोट फिरवून गाठ शोधायच्या. दहा महिने गेले, वर्ष गेलं, दोन वर्षं झाली. तिचे केस विरळ झाले, दिसेनासं झालं. काका तिला दाणे भिजवून द्यायचे. एका सकाळी ती भुशात अंग मुडपून निजली, ती उठलीच नाही. बाईंनी नीट तपासलं. गाठ नव्हती. नुसतं वय झालं होतं.

त्या घराण्यातली किती उंदरं माझ्यात जगली, पण म्हातारी होऊन गेलेली ती पहिलीच.