कुंपणावरची काळी घोंगडी

सहलीची माणसं यायला लागल्यापासून नजाकतने अक्कल गहाण टाकली, असं त्याच्या आईचं, सरवरजानचं, ठाम मत होतं. काश्मिरातल्या केरनच्या नदीकाठी दुर्बीण मांडायची, पलीकडचा मुलूख दाखवायचा आणि वर चहा पाजायचा, हा याचा धंदा. "बघा साहेब, तो दुसरा देश!" दुसरा देश म्हणे. तिथे याची सख्खी खाला, आईची बहीण बख्तजान, म्हशी धुवायला येते, हे मात्र साहेबांना सांगायला जीभ वळत नाही.

नदी एवढीशी, पण ओलांडली तर गोळी, आणि फोन लागत नाही. म्हणून दोन्ही काठांचं जुनं ठरलेलं. लग्न निघालं की नदीकाठच्या कुंपणावर लाल ओढणी, घरातलं कुणी गेलं की त्याची काळी घोंगडी. एरवी काळं कापड बायका वाळतसुद्धा घराच्या मागे घालत.

आज पाहुण्यांचे डोळे उन्हाने दिपत होते. म्हणून या दिवट्याने आईची घोंगडी उचलली आणि सावलीसाठी कुंपणावर टांगली. तिची पांढरी किनार बख्तजाननेच विणलेली, ताबारेषेवर तारा नव्हत्या तेव्हाची.

मक्याच्या भाकऱ्या आटोपून सरवरजान खाली आली, तर पलीकडे पुरुष रांगेत हात पसरून दुआ मागत होते. बख्तजान दगडावर कोसळली होती.

दुर्बिणीला डोळा लावलेली एक बाई म्हणाली, "अय्या, किती गोड! आपल्याला नमस्कार करतायत."

"करतात, करतात," नजाकत म्हणाला. "साखर कमी की जास्त?"

सरवरजानने घोंगडी ओढून काढली, चहाच्या बाकड्यावर चढली आणि काठी हवेत गरगरा फिरवली. पलीकडचे हात खाली आले. बख्तजान उठली, बराच वेळ निरखत राहिली, मग पायातला जोडा काढून लहानपणी उगारायची तसा बहिणीवर उगारला. आणि तोंडावर ओढणी घेऊन पुन्हा मटकन बसली.

"अम्मा, उतर, लोक बघतायत," नजाकत पुटपुटला. "एवढं काय झालं? आता कोण बघतं त्या खुणा?"

सरवरजान खाली उतरली. घोंगडी घडी करून काखेत मारली.

"माझ्यासाठी नदीपलीकडचा अख्खा गाव उभा राहिला, आणि तू साखर विचारत होतास. मी खरंच जाईन तेव्हा ही घोंगडी शेजारची मुनीरा टांगेल. तू हात लावायचा नाहीस. तू त्या दिवशीही चहाच विक."