एक रात्र पाण्यात

कवळीकाकांनी चाळीस वर्षांत इतके दात केले होते, की शहरातली निम्मी माणसं त्यांच्या दातांनी जेवायची आणि उरलेल्या निम्म्यांवर त्याच दातांनी खेकसायची. एका न्यायाधीशांची कवळी म्हणे साहेब घोरत असताना पेल्यातल्या पेल्यात दोघांना शिक्षा सुनावून मोकळी झाली होती. हे खोटं असेलही. पण नवऱ्या मुलाची गोष्ट खरी आहे, ती पाहिलेली माणसं अजून आहेत.

तो नवरा मुलगा पन्नाशीचा होता, लग्न दुसरं, मुहूर्त सकाळचा. आदल्या संध्याकाळी तो कवळी न्यायला आला. काका म्हणाले, "उद्या. रात्रभर पाण्यात राहायला हवी."

"अहो, उद्या माझं लग्न आहे!"

"मग परवा हसा."

त्याने दुप्पट मजुरी देऊ केली, मग रडून पाहिलं, मग शिव्या दिल्या. काका हलले नाहीत. नव्या कवळीत रसायनाचा अंश मागे राहतो, तो पाण्यात उतरायला एक रात्र लागते. त्याआधी तोंडात गेली तर ती कच्ची, हिरडी पोळून काढते. हा काकांच्या धंद्यातला एकच नियम होता आणि तो त्यांनी कुणासाठीही मोडला नव्हता. नवरा मुलगा लग्नभर तोंडावर रुमाल धरून उभा राहिला. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्यात.

एवढ्या दातांच्या या धन्याने दात उगवताना मात्र कधी पाहिला नव्हता. मुलीच्या वेळी ते सगळं बायकोने परस्पर उरकलं होतं. एके दिवशी दुकानातून घरी यावं तर पोरीला दात. आता बायको नव्हती. तिला जाऊन आठ महिने झाले होते आणि नात होती सात महिन्यांची. आजी-नातीची चुकामूक एका महिन्याने झाली. नातीचा चेहरा शर्टाच्या गुंडीएवढा, म्हणून तिला सगळे गुंडीच म्हणायचे.

जावई बोटीवर होता आणि सहा महिने तरी येणार नव्हता. मुलगी शहराची बस चालवायची, पहिली फेरी पहाटे पाचची. गुंडीच्या हिरड्या सुजल्या तेव्हापासून पंधरा रात्री घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटी मंगळवारी मुलीला स्टिअरिंगवर डुलकी लागली. बस फुटपाथवर चढली आणि थांब्यावरचा बाक आडवा करून उभी राहिली. बाकावर कुणी नव्हतं म्हणून बरं. डेपो मॅनेजरने तिला आत बोलावून एवढंच सांगितलं, "पुन्हा झालं तर चावी टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं."

त्या रात्री तिच्या सासूबाईंचा फोन आला. रविवारी येते आणि गुंडीला घेऊन जाते, म्हणाल्या.

"दात येईपर्यंत, बाबा," मुलगी भाजी चिरता चिरता म्हणाली. वर बघितलं नाही तिने.

"म्हणजे किती?"

"वीस असतात."

काकांनी हिशोब केला. वीस दात म्हणजे दोन-अडीच वर्षं. तोवर गुंडी त्यांना ओळखणार नव्हती आणि या तीन खोल्यांत रात्री त्यांच्या खोकल्याशिवाय दुसरा आवाज असणार नव्हता.

"मी सांभाळतो रात्रीची. तू दार लावून झोप. रविवारपर्यंत तुझी झोप मोडली नाही तर राहू दे तिला."

मुलीने सुरी खाली ठेवली. "कबूल. पण बाबा, मोडली तर हट्ट करायचा नाही."

काका गुंडीला घेऊन मागच्या कामाच्या खोलीत मुक्कामाला गेले. तिथे एक टेबल, एक शेगडी, साचे दाबायचा लोखंडी शिकंजा आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर सगळ्या शहराचे प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले. दिवसा ते नुसते जबडे दिसायचे. रात्री एकच दिवा असला की वाटायचं, शंभर माणसं जांभई देता देता मेलीत.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. काकांनी येरझारा घातल्या, चमचा दिला, गाणी म्हटली. त्यांचं गाणं ऐकून खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकू लागली.

"काका! पोर रडतंय ते चालेल, तुम्ही गप्प बसा!"

एकदा त्यांनी स्वतःची कवळी काढून दाखवली. गुंडी थबकली. आजोबांचं तोंड एका जागी आणि दात दुसऱ्या जागी, हे तिला फार आवडलं. चार मिनिटं हसली, मग पुन्हा हिरडी आठवली. ती काकांचं बोट पकडून तोंडाकडे ओढायची आणि काका बोट सोडवून घ्यायचे. चाळीस वर्षं रसायनात बुडालेलं बोट, ते बाळाच्या तोंडात कसं घालायचं? भिंतीपलीकडे मुलगी कूस बदलायची. प्रत्येक वेळी पलंग करकरला की काकांना वाटायचं, गुंडी गेली, आणखी थोडी गेली.

शनिवारी सकाळी मुलगी सुजल्या डोळ्यांनी ड्युटीवर गेली. तिची झोप तीनही रात्री मोडली होती. पण ठरल्याची आठवण तिने करून दिली नाही. आता उरली होती एक रात्र. तेव्हा काकांना सुचलं. जगाला दात देणाऱ्या माणसाने आपल्या नातीला चावायला काहीतरी करून देऊ नये?

त्यांनी मेणाची कडी घडवली, गुंडीच्या मुठीत मावेल एवढी, कडेला बारीक उंचवटे. प्लास्टरमध्ये साचा घेतला, गुलाबी पूड रसायनात मळून भरली, शिकंजा पिळला, उकळी दिली. आयुष्यात इतकं निगुतीने त्यांनी न्यायाधीशांचंही काम केलं नव्हतं. घासून, चकाकी देऊन कडी झाली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. त्यांनी ती वाडग्यातल्या पाण्यात सोडली. उद्या सकाळी पक्की होईल. पण पैजेची रात्र तर आजची होती.

अकरा वाजता गुंडीने सूर लावला. आधी कुरकुर, मग टाहो. काकांनी येरझारा घातल्या. पलंग करकरला. खालून दांडा वाजला. पलंग पुन्हा करकरला आणि मुलीची पावलं जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

काकांनी वाडग्यात हात घातला. कडी नळाखाली खळखळून धुतली, नाकाशी धरली. वास नव्हता. आता खरं तर त्यांच्या नाकाला तो वास येणं बंद होऊन पंचवीस वर्षं झाली होती. बायको म्हणायची, तुम्ही घरात येता त्याच्या आधी तुमचं रसायन येतं. आणि ते विचारायचे, कुठलं रसायन? पण हे त्यांना त्या घटकेला आठवलं नाही. किंवा आठवलं आणि त्यांनी आठवू दिलं नाही.

गुंडीने कडी दोन्ही मुठींत धरली आणि वरच्या हिरडीखाली कराकरा चावायला घेतली. घर गप्प झालं. पलीकडची पावलं क्षणभर थांबली आणि पुन्हा पलंगावर गेली. पाऊण तासाने कडी तोंडात तशीच धरून गुंडी झोपली. शंभर जबड्यांसमोर काका विजयी वीरासारखे बसले आणि बसल्या बसल्या त्यांनाही झोप लागली.

सकाळी मुलगी खोलीत आली ती हसतच. रविवारची तिला सुट्टी होती. "बाबा, सात तास! काय जादू केलीत? मी सासूबाईंना सांगते, आलात तर चहा घ्या आणि जा. गुंडी कुठे जात नाही."

काका हसले. मग त्यांची नजर गुंडीकडे गेली.

वरचा ओठ आतून पांढरा पडला होता. वरची हिरडी लाल, सोलल्यासारखी. मुलीने दूध पुढे केलं तर गुंडीने एक घोट घेतला आणि किंचाळून तोंड फिरवलं.

"अगं बाई. हे काय झालं?"

शिंपीणबाई रात्रीच्या शांततेचं कौतुक करायला वर आलीच होती. तिने वाकून पाहिलं. "दात वर येताना होतं असं. माझ्या थोरल्याचं तर तोंड भोपळ्याएवढं झालं होतं."

"हो ना, बाबा? दातांमुळेच असेल ना?"

काकांनी काहीच म्हणायची गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. नात राहिली असती, मुलीची नोकरी राहिली असती, नावही राहिलं असतं. ते जमिनीकडे बघत राहिले.

मुलीने पांघरुणातली कडी उचलली, पदराला पुसली. "थांब हं, राणी. आजोबांनी काय सुंदर केलंय बघ. घे, चाव." आणि तिने कडी बाळाच्या तोंडाकडे नेली.

"देऊ नकोस."

"का?"

"कच्ची आहे."

शिंपीणबाईला काही कळलं नाही. मुलीला कळलं. ती याच घरात वाढली होती. त्या नवऱ्या मुलाची गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती, शाळेत मैत्रिणींना सांगितली होती. तिचा हात हवेतच राहिला.

"किती वेळ होती पाण्यात?"

"तीन तास."

कडी टेबलावर ठेवून तिने गुंडीला उचललं आणि पायांत चपला सरकवल्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासलं, काकांनी सांगितलेलं सगळं ऐकलं. "पोटात काही गेलेलं नाही. सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर मी दातांचं समजून सोडून दिलं असतं आणि तुम्ही आज रात्री पुन्हा दिली असती. गार दूध पाजा. चार दिवसांत भरून येईल."

"आणि हिरड्या दुखतात त्याला?" काकांनी विचारलं.

"स्वच्छ धुतलेलं बोट. नाहीतर ओलं, गार फडकं. हलकं चोळायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

दुपारी विहीणबाई आल्या. त्यांच्या तोंडात काकांनीच केलेली कवळी होती, त्यामुळे काकांना बोल लावताना त्यांना दातांची कधी उणीव भासली नव्हती. "काय हो व्याहीबुवा, दोन माणसांना एक पोर आवरेना?" काकांना वाटलं, आता मुलगी सांगेल. मुलगी म्हणाली, "आई, माझी पहाटेची ड्युटी असते. तुम्ही न्या तिला. तोंड आलंय, चार दिवस गारच पाजा." आणि ती झबली घडी घालायला बसली. कडीचं नाव तिने काढलं नाही. ती ओरडली असती तर काकांना सोपं गेलं असतं.

चहाबरोबर विहीणबाईंनी टोस्ट चावला आणि कट्ट असा आवाज झाला. त्यांनी कवळी काढून हातावर घेतली. मधोमध तडा.

"झांदून द्या पतकन," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "थंध्याकाळची गाडी आहे."

काकांनी कवळी उजेडात धरली. तड्यात नवं गुलाबी भरायचं, दाबायचं, घासायचं. दोन तासांचं काम. "आता घेतो हातात. उद्या सकाळी मिळेल."

"उद्या का?"

"रात्रभर पाण्यात राहायला हवी."

झबल्यांमधून मुलीने मान वर केली. बापाकडे बघितलं. मग पुन्हा खाली घातली. बोळक्या तोंडाने गाडीत बसायला विहीणबाई काही तयार झाल्या नाहीत. अशी ती एक रात्र मिळाली.

दुरुस्त कवळी वाडग्यात सोडून काकांनी मोरीत जाऊन हात धुतले. साबणाने, मग ब्रशने, मग पुन्हा साबणाने, बोटांची कातडी सुरकुतून पांढरी होईपर्यंत. मग ते मुलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"वास येतोय का बघ. मला कळत नाही."

मुलगी उठून बसली. तिने त्यांचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले. बराच वेळ धरले.

"नाही येत," ती म्हणाली.

रात्रभर ते कामाच्या खोलीत बसले. माठातल्या पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, बोटाला गुंडाळायचं आणि वरच्या जखमेला धक्का न लावता खालची हिरडी हलके हलके चोळायची. गुंडी रडायची, थांबायची, त्यांच्या डोळ्यांत बघायची, पुन्हा रडायची. कवळीत नसते अशी ऊब त्या हिरडीला होती. पहाटे फडकं सुकलं म्हणून त्यांनी नुसतंच बोट फिरवलं आणि ते थांबलं. खाली, डावीकडे, तांदळाच्या कणीच्या टोकासारखं काहीतरी खरखरीत. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. होतं.

चाळीस वर्षांत त्यांच्या बोटाखाली आलेला हा पहिला दात, जो त्यांनी केला नव्हता.

पलीकडे मुलगी पाचच्या फेरीसाठी उठली होती. सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं. पण सांगून काय? अजून एकोणीस बाकी होते.

सकाळी विहीणबाईंनी कवळी बसवली, दोनदा दात वाजवून पाहिले आणि गुंडीला शालीत गुंडाळून निघाल्या. जिन्याच्या वळणापर्यंत गुंडी आजोबांच्या तोंडाकडे बघत होती, ते दात केव्हा काढतात म्हणून. त्यांनी काढून दाखवले. ती हसली का, ते वळणामुळे दिसलं नाही.

पाचव्या दिवशी फोन वाजला. मुलगी ड्युटीवर होती, काकांनीच उचलला.

"व्याहीबुवा! आला बरं का दात! आमच्याकडे आला! चमच्याला टण्णकन वाजला!"

"वा, वा," काका म्हणाले. टेबलावरची कडी त्यांनी पुन्हा वाडग्यातल्या पाण्यात सोडली होती. रोज सकाळी ते तिचं पाणी बदलत होते. "कुठला हो?"

"खालचा. डावीकडचा."

"हो का," काका म्हणाले.