मोरीच्या पाण्यावरचा दुधी

"आणखी वाढ," नवऱ्याने तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

"अहो, संध्याकाळी लेक यायचीय. तिच्यासाठी राहू दे की थोडी."

"तिला दुसरं काहीतरी कर. हा दुधी माझा." त्याने कढईच ओढून घेतली आणि पुसून खाल्ली.

ती सुखावली. दुधीचा हा वेल कुणी लावलेला नव्हता. परसात मोरीचं पाणी जिरायचं तिथे टाकलेल्या बियांतून तो आपसूक उगवला होता. नवरा उपटायला निघाला, तेव्हा तिनेच अडवलं होतं. आज पहिला दुधी काढला.

तीस वर्षं तिने कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला होता. दोन वर्षांपूर्वी एक ताप आला आणि जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. हाताच्या अंदाजावर सगळं चाललं होतं, आणि नवऱ्याने कधी नावं ठेवली नव्हती.

अर्ध्या तासात त्याने पोट धरलं. दुसऱ्या उलटीत रक्त पडलं. शेजाऱ्याच्या गाडीतून इस्पितळात पोचेपर्यंत त्याचे हात बर्फासारखे गार झाले होते.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दुधीची भाजी. घरच्या वेलाचा. आपोआप उगवलेला."

"कडू होता?"

तिने खाटेवरच्या नवऱ्याकडे पाहिलं.

"काकू, असा वेल कधीकधी कडू निघतो. कडू दुधी म्हणजे विषच. चाखला नव्हतात?"

"चाखला होता," ती म्हणाली. "मला... मला चव कळत नाही."

दोन वर्षांत पहिल्यांदा तिने ते तोंडाबाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला जरा बोलता येऊ लागलं. लेक औषधं आणायला खाली गेली होती.

"कडू होती ना भाजी?"

"जहर."

"मग खाल्लीत कशाला? सांगायचंत ना!"

"लेकीने घास घेतला असता, तर तुझं पितळ उघडं पडलं असतं."

ती दचकली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"करपलेल्या दुधाचा चहा दिलास, त्या दिवसापासून."

"तो तुम्ही प्यायलात?"

"गरम होता," तो म्हणाला आणि थकून डोळे मिटले.

दोन वर्षांतली जेवणं एकेक करून तिच्या डोळ्यांसमोर येऊ लागली. प्रत्येक ताट त्याने पुसून खाल्लेलं.

लेक वर आली, तेव्हा नर्सने सुपाची वाटी आणून ठेवली होती. सोबत मिठाची पुडी.

"इकडे ये गं," ती म्हणाली. "मला चव लागत नाही. दोन वर्षं झाली. तू चाखून सांग."

लेकीने चमचा तोंडात घातला.

"अळणी आहे गं, आई."

तिने पुडी उचलली, सवयीने फोडली, आणि लेकीच्या हातात दिली.