कात्रीतून सुटलेला बोकड

दर शनिवारी संध्याकाळी चॅनेलवर एक विनोदी कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा. सूट घातलेला एक देखणा माणूस आठवडाभरातल्या बातम्यांची टर उडवायचा आणि समोर बसलेले लोक हसायचे. या देखण्या माणसाला ऑफिसात सगळे हिरो म्हणत. हा टोमणा असू शकतो, अशी शंका त्याला कधी शिवली नव्हती. विनोद लिहायचा मात्र दुसराच एक माणूस. तो देखणा नव्हता, म्हणून तो लेखक.

लेखकाने लिहिलेलं पान हिरोपर्यंत पोचायच्या आधी चॅनेलच्या वकीलबाईंच्या टेबलावरून जायचं. त्यांच्या माघारी त्यांना कात्री म्हणत. जे वाक्य पुढे कोर्टात जाणार ते बाईंना नुसत्या वासावरून कळायचं, आणि कळलं की त्या त्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारून मोकळ्या व्हायच्या.

लेखकाने यावर तोड काढली होती. दर आठवड्याला तो पानात एक असा विनोद घालायचा, जो कापला जावा म्हणूनच लिहिलेला असायचा. ओंगळ, भडक, उघड्यावर न बोलण्यासारखा. मनातल्या मनात तो त्याला बोकड म्हणायचा. बाईंची रेघ बोकडाच्या मानेवर पडायची आणि तेवढ्या गडबडीत बाकीचे विनोद सुखरूप पलीकडे जायचे. बाईंना हा डाव केव्हाच कळला होता. त्यांनीही तो चालू दिला, कारण दर आठवड्याला काहीतरी कापलेलं दिसलं की मोठ्या साहेबांना, म्हणजे चॅनेलच्या मालकांना, शांत झोप लागायची. या व्यवस्थेबद्दल लेखक आणि बाई एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. बरेच संसार असेच टिकतात.

त्या शनिवारी लेखक घरी सासऱ्यांशेजारी टीव्हीसमोर बसला होता. सासरे बांधकाममंत्र्यांचे कट्टर चाहते. हा कार्यक्रम ते संतापण्यासाठी न चुकता बघायचे. जावई चॅनेलच्या ‘भाषा विभागात’ आहे, एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं.

हिरोने मान किंचित तिरकी केली आणि म्हणाला, “बांधकाममंत्र्यांचा चेहरा पाहिला की पटतं, देवसुद्धा कधीकधी सगळ्यात स्वस्त निविदा भरणाऱ्यालाच काम देतो.”

स्टुडिओ खदखदून हसला. लेखकाने चहाचा कप खाली ठेवला. हा बोकड होता. तो जिवंत होता आणि साऱ्या देशासमोर उड्या मारत होता.

त्याहून वाईट म्हणजे, ज्या विनोदावर लेखकाने आठवडाभर घाम गाळला होता, तो आलाच नाही. हिरोने हात जोडले आणि कार्यक्रम संपला.

“असलं घाणेरडं लिहितं तरी कोण हो, जावईबापू?” सासऱ्यांनी विचारलं.

“चौकशी करतो,” लेखक म्हणाला.

दोन दिवसांत आभाळ फाटलं. मंत्र्यांच्या कार्यकर्त्यांनी चॅनेलच्या फाटकासमोर हिरोचं चित्र जाळलं. चित्रातही तो चांगला दिसत होता. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला ‘हसणं हा आमचा हक्क’ असे फलक घेऊन दुसरा जमाव उभा राहिला. देवाच्या कामात खोट काढली म्हणून धर्मवाले चिडले. स्वस्त म्हटलं म्हणून ठेकेदारांची संघटना चिडली. प्रत्येक चॅनेलवर एकेक प्राध्यापक, एकेक निवृत्त न्यायाधीश आणि एकेक कवी बसवून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर चर्चा झाली. कवीला कुठेच बोलू दिलं गेलं नाही.

मंत्री रोज एक भाषण ठोकत होते. “माझा अपमान करा, पण माझ्या चेहऱ्यामागच्या जनतेचा करू नका,” असं ते म्हणाले. चेहऱ्यामागे जनता कशी असते, हे कुणी विचारलं नाही.

मग एका वार्ताहराने मंत्र्यांच्या म्हाताऱ्या आईला गाठलं. ती दारात भाजी निवडत बसली होती. मुलाच्या चेहऱ्याबद्दल असं असं बोललं गेलंय, तुम्हाला काय वाटतं? म्हातारीने वर पाहिलं. मायलेकांचा चेहरा एकच होता.

“देवाला मध्ये कशाला ओढता?” ती म्हणाली. “ते काम माझं आहे. आणि मला कुणी निविदा विचारली नव्हती.”

एवढं बोलून ती पुन्हा भाजीकडे वळली. लेखकाने ही क्लिप पुन्हा पुन्हा पाहिली. आधी धंद्यातला माणूस म्हणून त्याला हेवा वाटला. मग लाज वाटली. माणसाने स्वतः केलेल्या गोष्टीवर हसायचं, त्याला मिळालेल्या गोष्टीवर नाही, हा त्याचा एकमेव नियम होता. बोकडांना तो लागू नव्हता, कारण बोकड जगतच नसत.

तो बाईंच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

“मॅडम, बोकड सुटला.”

हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला जात होता. बाईंनी तो काय म्हणून विचारलं नाही. “कुठला?” एवढंच म्हणाल्या.

“चेहऱ्याचा.”

“तो बोकड होता?” बाईंनी चष्मा काढला. “मग रस्ता काय होता?”

“रस्ता खरा होता.”

लेखकाचा कापला गेलेला विनोद असा होता: ‘बांधकाममंत्र्यांनी एकाच रस्त्याचं तीनदा उद्घाटन केलं. तिन्ही समारंभांना सगळे हजर होते, रस्ता सोडून.’

“मी बोकड शोधत होते,” बाई म्हणाल्या. “सवयच ती. हे वाचलं आणि म्हटलं, या खेपेला गड्याने चांगलाच माजलेला आणलाय. इतकं सरळ, खात्यासकट कुणी टीव्हीवर बोलतं का? मारली रेघ.”

“आणि चेहरा?”

“चेहऱ्यावरून कोर्टात कुणी जिंकत नाही. आरोप नाही, आकडा नाही, पुरावा मागायला जागा नाही. कायद्याच्या दृष्टीने स्वच्छ विनोद होता तो. घाणेरडा, पण स्वच्छ.”

तेवढ्यात दोघांना मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

साहेबांच्या खोलीत हिरो आधीच सोफ्यावर बसला होता. चित्र जाळल्यापासून त्याच्या बोलण्यात एक संथपणा आला होता.

“कुणीतरी जायला पाहिजे,” साहेब म्हणाले. “वर तसा शब्द दिलाय. हा जाऊ शकत नाही, याला बघायला पूर्वीच्या दुप्पट लोक बसताहेत. पानावर सही बाईंची आहे. तेव्हा बाई.”

“विनोद मी लिहिलाय, साहेब,” लेखक म्हणाला.

“मग? लिहिणं तुमचं काम, अडवणं त्यांचं. तुम्ही तुमचं काम केलंत. शिवाय तुम्हाला काढलं तर हा शनिवारी काय बोलणार?” साहेबांनी सोफ्याकडे बोट केलं. हिरोने समजूतदारपणे मान हलवली.

शनिवारी हिरो अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भाषण करणार होता, आणि ते लिहायचं अर्थातच लेखकाने. “आपण कुणापुढे झुकत नाही, असं लिहा,” साहेबांनी सांगितलं. “आणि ज्यांना लागलं असेल त्यांची माफीही मागा. दोन्ही एका दमात. शेवटी दोन ओळी, की तपासणीत हयगय करणाऱ्या वकिलाला आम्ही काढून टाकलं आहे. नावासकट.”

बाहेर जिन्यावर बाई लेखकाला म्हणाल्या, “नोकरीचं सोडा. पण टीव्हीवर नालायक ठरलेल्या वकिलाकडे उद्या कोण येईल? घटस्फोटालासुद्धा नाही येणार कुणी.”

“मी काय लिहू, मॅडम?”

“ते मी कशी सांगू? मला फक्त कापता येतं.”

लेखक आपल्या टेबलाशी येऊन बसला. दोन ओळी लिहायच्या होत्या. त्याने तशा आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लिहिल्या होत्या, आणि हात कधी अडला नव्हता. आता अडला. म्हातारीच्या चेहऱ्याची थट्टा तो लिहून गेला होता, कारण दुसरं कुणीतरी कापेल याची त्याला खात्री होती. आता जे लिहील ते कापणारं कुणी उरणार नव्हतं.

हिरो येऊन टेबलाच्या कडेला टेकला. “मित्रा, या भाषणात मला घायाळ सिंहासारखं वाटायला हवं.”

“शब्दांत की मेकअपमध्ये?”

“दोन्हीत बघ ना.”

“एकदा वाचून बघणार का आधी?”

“छे. आधी वाचलं की आतून येत नाही.”

लेखकाला हेच ऐकायचं होतं. हिरो समोरच्या पडद्यावर सरकणाऱ्या ओळी वाचायचा, आणि त्या स्वतःच्याच आहेत असं त्याला मनापासून वाटायचं. अर्थ त्याच्यापर्यंत साधारण रविवारी दुपारी पोचायचा.

शनिवारी पान नेहमीसारखं बाईंच्या टेबलावर आलं. काढून टाकायचं ठरलं तरी सही त्यांचीच लागत होती. त्यांनी ते सावकाश वाचलं.

“या आठवड्यात बोकड दिसत नाही.”

“नाहीच.”

“माझ्या दोन ओळी?”

“जागा पुरली नाही.”

बाईंचं पेन रस्त्याच्या वाक्यावर येऊन थांबलं. “पुरावा?”

“तीन समारंभांचे तीन फोटो. तिन्हींत तीच फीत.”

“चेहऱ्यासाठी मोर्चे निघाले. यासाठी नोटीस येईल, एवढं लक्षात घ्या. आणि नोकरी तुमचीही जाईल.”

“हो.”

बाईंनी पेन उचललं, पानाखाली सही केली आणि पान परत दिलं. लाल रेघ एकही नव्हती. लेखकाला ते पान उघडंनागडं वाटलं.

संध्याकाळी दिवे लागले. हिरोच्या डोळ्यांखाली मेकअपवालीने सिंहाला शोभेल इतपत काळं लावलं होतं.

“मित्रांनो,” तो म्हणाला, “मला कुणी गप्प बसवू शकत नाही.” टाळ्या. त्या ओसरेपर्यंत तो थांबला. “कारण मी बोलतच नाही. मी वाचतो.”

लोक हसले. हिरोही प्रसन्न हसला.

“गेल्या शनिवारचं वाक्य आमच्या लेखकाने लिहिलं होतं. माणसाच्या चेहऱ्यावर हसायचा हक्क सर्वांना आहे. पण त्यात शौर्य काही नाही. तो चेहरा घडवणाऱ्या आईंची लेखक माफी मागतो. चूक त्याची आहे. आमच्या वकीलबाईंनी त्या दिवशी एकच विनोद कापला होता, आणि तो सोडून बाकी सगळ्यावर देशभर चर्चा झाली. तो विनोद असा होता.”

आणि त्याने रस्ता वाचला. खणखणीत आवाजात, योग्य जागी श्वास घेत. ते त्याला उत्तम जमायचं.

क्षणभर कुणी हसलंच नाही. मग मागच्या रांगेतून एकच माणूस हसला, त्या रस्त्याच्या गावचा असावा. मग सगळेच हसले, पण हे हसू वेगळं होतं. त्यात एकमेकांकडे बघणं होतं. कंट्रोल रूममध्ये मोठे साहेब काहीतरी ओरडले आणि पडद्यावर डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात सुरू झाली.

“कसा झालो?” हिरोने लेखकाला विचारलं.

“घायाळ सिंह.”

“शेवटी लोक जरा जास्तच हसले नाही? काय होतं ते?”

लेखक आणि बाई, दोघांनाही साहेबांनी त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. बाईंना कार्यक्रमातून कुणी नालायक म्हटलं नाही. लायकी दाखवली म्हणूनच त्यांना काढलं होतं, आणि तसं टीव्हीवर सांगायची सोय नव्हती.

मंत्र्यांची भाषणं एकदम बंद झाली. चेहऱ्यासाठी जमलेले दोन्ही जमाव रस्त्यासाठी काही आले नाहीत. रस्ता हा तांत्रिक विषय आहे, असं प्राध्यापक म्हणाले. लेखकाच्या घरी मात्र बदनामीची नोटीस आली. ती घेऊन तो बाईंकडे गेला. त्यांनी ती वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू फुटलं.

“हा खटला मी चालवणार,” त्या म्हणाल्या. “आधी जागा बघून येऊ.”

घरी सासरे दोन दिवस जेवताना पाठ करून बसले होते. तिसऱ्या दिवशी ते वळले.

“भाषा विभागात हे काम असतं होय?”

“चुकलं, बाबा.”

“तो रस्ता माझ्या बहिणीच्या गावचाच ना?” त्यांनी घास चावून संपवला. “मी तिन्ही वेळा टाळ्या वाजवून आलोय. जेवण चांगलं ठेवतात. पण परत येताना तिन्ही वेळा चिखलातून चालत आलो, हे मला आत्ता जाणवतंय. मीपण येतो उद्या.”

दुसऱ्या दिवशी ते तिघं निघाले. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारण आतापर्यंत ते तिथे समारंभालाच गेले होते. डांबर जिथे संपलं तिथे गाडी थांबवावी लागली. पुढे बाभळी होत्या, टोमॅटोचा वाफा होता, आणि पाण्याची कळशी घेतलेली एक बाई होती. तिने सासऱ्यांच्या शर्टाकडे पाहिलं.

“उद्घाटनाला ना?” ती म्हणाली. “या खेपेला मांडव जरा पलीकडे घाला. मागच्या वेळी माझ्या टोमॅटोत घातलात.”

“उद्घाटन नाही हो,” वकीलबाई म्हणाल्या. “आम्ही कोर्टाच्या कामाला आलोय. हे जे आत्ता म्हणालात, ते न्यायाधीशांसमोर सांगाल का?”

“सांगेन की. त्यात काय.” बाईने कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. “पण ते एवढ्या लांब येणार कसे? रस्ता कुठाय?”