साहेबांची कुजबुज

साहेबांना तारेतलं ओ की ठो कळत नव्हतं. भांडारातून बढती मिळून ते इथे तारघरात आले होते आणि त्यांच्या लेखी तारयंत्र म्हणजे नुसती खडखड. ताई मात्र अठरा वर्षं ती खडखड ऐकत होती. टिंबं आणि रेघा तिच्या कानात आपोआप शिरत, शेजारघरच्या भांडणासारख्या.

सव्वातीनला शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या तारबाबूच्या यंत्रावर तिच्या गावाहून विचारणा आली. ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब ये, ही सकाळी नऊची तार बाईंना दिली का? घरचे वाट पाहताहेत.’

नऊ वाजता ताई मागच्या खोलीत बॅटऱ्यांत पाणी भरत होती. तिला कुणी काही दिलं नव्हतं. तरी ती मान खाली घालून कागदांवर शिक्के मारत राहिली, कारण हे दोघे काय उत्तर देतात ते तिला ऐकायचं होतं.

चष्मेवाला कागद घेऊन साहेबांकडे गेला. साहेब आपल्या खणाकडे एक नजर टाकून त्याच्या कानाशी लागले. आज परीक्षेच्या निकालांच्या तारांचा पाऊस होता. एक माणूस कमी पडला असता तर त्यांची शोभा झाली असती. चष्मेवाला परतला आणि साहेबांची ती गुपचूप कुजबुज त्याने खोलीभर खडखडवली, ‘दिली.’

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. गावाकडे जाणारी एकच गाडी, ती चारला. टेबल उलथून टाकावंसं वाटलं तिला. पण ती आपल्या यंत्रापुढे बसली आणि तारमार्गावरच्या सगळ्या ठाण्यांना, मुख्य कचेरीलासुद्धा, तिने कळवलं: ‘माझी आई मरणाच्या दारात आहे. नऊची तार साहेबांनी दाबून ठेवली. दिली हे खोटं. गाडी चारला.’

साहेबांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली. माणसानं असं मन लावून काम करावं, असं ते कौतुकाने म्हणाले.

मग मुख्य कचेरीचं यंत्र बोलू लागलं. चष्मेवाल्याने ते लिहून घेतलं आणि साहेबांनी फर्मावल्यावर मोठ्याने वाचलं, “बाईंना या क्षणी मोकळं करा. साहेबांचा लेखी खुलासा आजच हवा.”

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच,” ताई म्हणाली. “मी इथेच बसले होते.”

तिने त्यांच्या खणातून आपली तार काढून घेतली. वर नऊचा शिक्का होता. चार वाजायला वीस मिनिटं कमी होती. दाराशी ती चष्मेवाल्याजवळ थांबली. त्याला काम तिनेच शिकवलं होतं.

“साहेबांना काही कळत नाही, त्यांचं सोड,” ती म्हणाली. “पण ‘दिली’ म्हणताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही रे.”