नंबर सात

घरात खेळाचं जुनं मशीन आणायचं असेल, तर आधी दाराचं माप घ्यावं. मी चोवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतो. दुसऱ्यांच्या इमारतींत मिलिमीटरवरून भांडतो आणि स्वतःच्या घराच्या दाराला टेप लावायला विसरलो. मशीन दोन बोटं जास्त रुंद निघालं. चार हमाल जिन्याच्या तोंडाशी ते धरून उभे, मी घाम पुसत दाराच्या बिजागऱ्या काढतोय, आणि बायको आतून म्हणते, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!"

"घोडं नाही, मशीन आहे."

"घोडं परवडलं असतं. ते निदान बाहेर बांधता येतं."

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. दोन खोल्यांच्या घरात माणसाएवढं उंच लाकडी कपाट आणून ठेवायचं, त्याच्या पोटात काच, काचेखाली एक दांडा आणि दोन बटणं, गुडघ्याच्या उंचीवर नाणी टाकायचं लोखंडी दार. खेळ काय, तर वरून दगड पडतात आणि खालून एक एवढंसं विमान ते फोडतं. पन्नाशीच्या माणसाला हे कशाला हवं? मला हवं होतं. कशाला, तेही मला पक्कं ठाऊक होतं.

लिफ्टची जुनी मोटर शोधायला मी भंगारवाल्याच्या गोदामात गेलो होतो. तिथे एका ओळीत तीन-चार मशिनं भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. एकाच्या पाठीवर लाल नेलपॉलिशने सातचा आकडा काढलेला होता. त्या सातच्या पोटात आडवी रेघ. तसा सात आमची आईच काढायची.

माझ्या वडिलांचं गेमचं दुकान होतं. अकरा मशिनं. आई गल्ल्यावर बसून पोरांना सुटी नाणी द्यायची. शाळेतली पोरं माझ्यावर जळायची, याची काय मजा आहे म्हणायची. मजा कसली! तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, पण आमच्या तळ्यावर राखणदाराच्या पोराला ओंजळभरही पाणी नव्हतं. "धंद्याच्या वस्तूला हात लावायचा नाही," हे आईचं वाक्य. मी अकरा वर्षांचा असताना एकदा तिचा किल्ल्यांचा जुडगा पळवला आणि सात नंबरचं लोखंडी दार उघडलं. आत एक बटण असतं, ते दाबलं की नाणं न टाकता डाव मिळतो, एवढं मी ऐकून होतो. मी आत हात घातला आणि कानाखाली जाळ निघाला. दुकानात वीसेक पोरं असतील. सगळी हसली. आईने जन्मात मला तेवढं एकदाच मारलं, आणि तेही एका फुकटच्या डावासाठी.

ते मी विसरलो नाही. विसरलो म्हणायचो, पण नाही. दुकान बुडालं, मशिनं विकली गेली, वडील वारले, आईला अर्धांगाचा झटका येऊन तिचा उजवा हात मुठीसारखा मिटला. तरी माझ्या गालावर ती चपराक होतीच. म्हणून मी सात नंबर आणलं. दुरुस्त करायचं, नाण्याविना चालेल असं करायचं, आईला समोर खुर्चीत बसवायचं आणि तिच्या देखत फुकट खेळायचं. एवढंच. क्षुद्र वाटत असेल तर वाटो.

आई आतल्या खोलीत पडून होती. हमाल गेल्यावर तिने विचारलं, "कितवं आणलंस?"

"सात."

डाव्या कोपरावर रेलून ती जरा उठली. मग म्हणाली, "चालू होईल?"

पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की तेच. "झालं का रे चालू?" मला वाटायचं, म्हातारी धास्तावली आहे. वाटो, म्हणायचो.

काम सोपं नव्हतं. आत झुरळांनी संसार थाटलेला. दोन दिवस नुसतं उघडं ठेवून ओल जाऊ दिली. पडद्याच्या जुन्या काचेच्या नळीत मशीन बंद असतानाही वीज साठून राहते, तिला न शिवता आजूबाजूची धूळ काढली. फ्यूज बदलले. सर्किटच्या पट्ट्यांचे पितळी पाय खोडरबराने घासले. दांड्याखालची स्प्रिंग बदलली, बटणांखाली नव्या कळा बसवल्या. मशिनाच्या पायांखाली लाकडाच्या चिपा सारून पाणसळ लावली. आत पांढऱ्या खटक्यांची एक रांग होती. त्यातला तिसरा खटका खाली केला, की नाण्याची गरज संपली.

रविवारी सकाळी बायको आईला हाताच्या व्यायामासाठी घेऊन गेली होती. मी बटण दाबलं. आधी नुसती गुरगुर, मग काचेवर हिरवट उजेड, आणि मग चित्र स्थिरावलं. सांगायला लाज कशाची, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पडद्यावर तीन ओळी होत्या, सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्यांच्या. मशीन चाळीस वर्षं बंद राहिलं तरी एक चिप तेवढ्या तीन ओळी जपून ठेवते. तिन्ही आकडे अफाट होते आणि तिन्हींपुढे एकच अक्षरं, ए-ए-ए. मला ते लख्ख आठवले. दुकानातली पोरं त्याला 'कंपनीचं भूत' म्हणायची. कुणाच्या बापाला ते आकडे तुटले नाहीत. वडील मिशीला पीळ देऊन सांगायचे, "कारखान्यातूनच भरून आलेत. माणसाचं काम नाही ते."

आता आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. लिफ्ट दुरुस्त झाली, की तिच्या कंट्रोल बोर्डात साठलेल्या जुन्या बिघाडांच्या नोंदी पुसायच्या आणि मगच हत्यारं गोळा करायची. म्हणजे पुढचा बिघाड कोरा दिसतो. जुन्या नोंदी ठेवणारा मेकॅनिक कामचुकार, असं आमचे उस्ताद म्हणायचे. चोवीस वर्षांत माझा हात याबाबतीत कधी चुकलेला नाही. मी लोखंडी दार उघडलं, आतलं तपासणीचं बटण दाबलं. पडद्याने विचारलं, जुने आकडे पुसायचे का? पुसायचे असतील तर काचेखालची दोन्ही बटणं एकदम दाबा. दाबली. तीन ओळींत शून्यं आली. हातासरशी काचही पुसून घेतली.

अर्ध्या तासाने दोघी आल्या. उजेड बघून आई दारातच थबकली. मी खुर्ची पुढे सरकवली. "बस आई. आज नाणं लागत नाही बरं का!" चाळीस वर्षं घोळवलेलं वाक्य होतं ते.

तिने ऐकलंसुद्धा नाही. ती बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. मी दांडा धरला, तशी म्हणाली, "थांब जरा. ते आपोआप येऊ दे." खेळाचा नमुना आपोआप चालतो, संपला की गुणांची यादी येते. यादी आली. तीन शून्यं.

"माझे कुठे गेले?" आई म्हणाली.

"काय तुझे?"

"चार लाख अठरा हजार सहाशे. त्याखाली चार लाख दोन हजार. तिसरा जरा कमी होता, तीन लाख नव्वद."

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "ते कारखान्यातून आलेले होते. बाबा म्हणायचे."

"बाबा म्हणायचे!" आई हसली, आणि ते हसू चांगलं नव्हतं. "तुझे बाबा अकराला दुकानात यायचे. मी नऊला शटर उघडायची. झाडायचं, काचा पुसायच्या, आणि प्रत्येक मशीन एकदा चालवून बघायचं. त्यांनीच नेमून दिलेलं काम. दहा मशिनं मी झटपट उरकायची. उरलेला वेळ सातचा."

"मग नाव का नाही घातलंस?"

"आणि त्यांना काय सांगितलं असतं? गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, हिला रेडिओ लावता येत नाही. मशीन नाव विचारतं तेव्हा नुसतं बटण तीनदा दाबलं की जी अक्षरं आधीच असतात तीच राहतात. तेवढं पुरे होतं मला. दिवसभर गल्ल्यावर बसून बघायची, पोरं आपटतायत, एकाला जमत नाहीये."

मला तिची कीव यायला हवी होती. आधी राग आला. खरं तेच सांगतो. "म्हणजे तू रोज फुकट खेळायचीस? आणि एका डावासाठी वीस पोरांसमोर मला थोबाडीत मारलीस?"

"डावासाठी कोण मारतंय? डाव हवा तर मागायचास." ती डाव्या हाताने उजवी मूठ चोळत होती. "दोन बटणं असतात आत, एक फुकट डावाचं, एक तपासणीचं. तुझा हात चुकीच्या बटणावर गेला होता. तेव्हा एक थोबाडीत देऊन वाचवले मी माझे आकडे."

बायको हळूच पाणी आणायला गेली. मी काहीतरी बोललो, मला ठाऊक नव्हतं वगैरे. आई म्हणाली, "बंद कर. उगाच वीज जळते."

त्यानंतरचा आठवडा मी कामावरून आलो की मशिनाला भिडायचो. चार लाख अठरा हजार! माझी मजल अकरा हजारांच्या पुढे जाईना. पण यादी कोरी होती, आणि कोऱ्या यादीत वासरांत लंगडी गाय शहाणी. शनिवारी माझे अकरा हजार दोनशे पहिल्या ओळीत बसले. मशिनाने नाव विचारलं. मी बटण तीनदा दाबलं. ए-ए-ए.

आईला हाताला धरून बाहेर आणलं. "बघ, आई. तुझी अक्षरं परत आली."

तिने चष्मा वर सरकवून आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"ही भीक कुणाची आहे?"

मी उगाच दांडा हलवून बघितला.

"पूस ते. पुसता तर येतं तुला."

मी गुडघ्यांवर बसलो, लोखंडी दार उघडलं आणि आत हात घातला. आई खुर्चीत शेजारीच होती. या वेळी तिने मारलं नाही.